रेझोनेटर युकुलेले घेताना : चकाकी पाहू नका, आवाज ऐका

घरचा बाजारहाट

चिपळूण तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी एका इंग्रजी शाळेच्या बालवर्गात शिकवते. चाळीसेक मुलांना गाणी शिकवताना ती युकुलेले वाजवते. चार तारांचे हे छोटे वाद्य तिने पहिल्या पगारातून घेतले होते. वर्गात मुले एकदा सुरू झाली की त्याचा आवाज पहिल्या दोन ओळींपुढे जात नाही. आता तिने मोबाइलवर धातूचे, आरशासारखे चकचकीत असे ‘रेझोनेटर युकुलेले’ पाहिले आहे. ते मोठ्याने वाजते असे तिथे लिहिले आहे. किंमत मात्र तिच्या दोन-अडीच महिन्यांच्या पगाराएवढी. अब्बा म्हणतात, हा इसराफ आहे, हे पैसे निकाहसाठी ठेव. दोह्याला असलेले मामू म्हणतात, मी येताना घेऊन येतो. भगिनी विचारतात, ‘या वस्तूत खरेच काही आहे, की नुसती चमक?’

प्रश्न चांगला आहे, कारण वस्तू महाग आहे, आपल्याकडच्या दुकानांत सहसा दिसत नाही आणि पैसा मुलीच्या कष्टाचा आहे. वाद्यांबाबत आपल्या घराघरांत मते वेगळी आहेत याची जाणीव आहे. हे सदर फतव्याचे नाही, बाजारहाटाचे आहे. ज्या घरात हा निर्णय झालेला आहे, त्या घराचा पैसा वाया जाऊ नये एवढाच या लेखाचा हेतू.

ही वस्तू आहे तरी काय?

साध्या युकुलेलेत तारांचे कंपन लाकडी घोडीतून वरच्या पातळ फळीत उतरते. ती फळी थरथरते, पोकळ पेटीतली हवा हलते आणि आवाज होतो. रेझोनेटर युकुलेलेत हे काम फळी करत नाही. पेटीच्या आत अ‍ॅल्युमिनियमचा एक अतिशय पातळ शंकू बसवलेला असतो. लाउडस्पीकरच्या आतला कागदी शंकू आठवा, तसाच, पण धातूचा. युकुलेलेत त्याचा व्यास साधारण पंधरा सेंटिमीटर असतो. शंकूच्या टोकावर लाकडाची छोटी गोल चकती असते. तिला बिस्किट म्हणतात. त्या बिस्किटात घोडी रोवलेली असते आणि घोडीवरून तारा जातात. तार छेडली की कंपन घोडीतून बिस्किटात, बिस्किटातून शंकूत जाते आणि सगळा शंकू बोलू लागतो. वरून जाळीदार धातूची झाकणी असते. ती शंकूचे रक्षण करते, आवाज तिच्या भोकांतून बाहेर येतो.

तारांचा आवाज वाढवण्याची गरज नवी नाही. आपल्या मिरजेत सतार आणि तंबोरा घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांनी हेच काम भोपळ्याकडून करून घेतले. हे लोक मूळचे शस्त्रांना धार लावणारे, धातूकाम करणारे. शस्त्रांचा धंदा बसल्यावर एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेबांसारख्या कारागिरांनी वाद्ये दुरुस्त करता करता ती घडवायला घेतली. आज मिरजेची सतारमेकर गल्ली देशभर माहीत आहे आणि तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. तिथला जाणकार भोपळा घेताना त्याचा रंग पाहत नाही. बोटाने टिचकी मारून कान लावतो. रेझोनेटर घेणाऱ्यानेही हीच सवय लावून घ्यावी.

आली कुठून?

युकुलेले हे हवाई बेटांचे वाद्य. १८७९ मध्ये पोर्तुगालच्या मदीरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करायला गेलेल्या मजुरांच्या जहाजात काही सुतार होते. त्यांनी सोबत नेलेल्या छोट्या गिटारीवरून होनोलुलूत हे वाद्य तयार झाले. पुढे अमेरिकेत हवाई संगीताची लाट आली. त्या काळी माइक आणि अ‍ॅम्प्लिफायर सर्रास नव्हते. नाटकमंडळीच्या बँडमध्ये पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच जात नसे. जॉर्ज बीचम नावाच्या एका वादकाने लॉस एंजेलिसमधल्या जॉन डोपेरा या कारागिराकडे मोठ्या आवाजाची गिटार मागितली. डोपेरा स्लोव्हाकियातून आलेले स्थलांतरित. त्यांनी १९२७ च्या सुमारास तीन शंकूंची धातूची गिटार बनवली आणि त्यातून ‘नॅशनल’ ही कंपनी उभी राहिली. थोड्याच काळात डोपेरा तिथून बाहेर पडले आणि भावांसोबत ‘डोब्रो’ सुरू केली. डोपेरा ब्रदर्सची आद्याक्षरे त्यात आहेतच, शिवाय त्यांच्या भाषेत डोब्रो म्हणजे चांगले. दोन्ही कंपन्यांनी गिटारीबरोबर रेझोनेटर युकुलेलेही काढली.

हा इतिहास सांगण्याचे कारण खरेदीशी जोडलेले आहे. हे वाद्य वीज नसलेल्या आवाजासाठी जन्मले. त्याच बीचम यांनी पुढे विजेवर चालणारी गिटार आणली आणि रेझोनेटरची ती गरजच कमी झाली. आज लोक रेझोनेटर घेतात ते बहुतेक त्याच्या वेगळ्या, खणखणीत नादासाठी. म्हणून पहिला प्रश्न हाच की तुम्हाला नाद हवा आहे की नुसता मोठा आवाज?

खरेच लागते का?

जाहिरातीत ‘दुप्पट आवाज’ असे काहीबाही लिहिलेले असते. त्यावर जाऊ नका. रेझोनेटर गिटारीवर पोलादी तारा असतात. त्यांचा ताण मोठा, म्हणून शंकू जोरात हलतो. युकुलेलेवर नायलॉन किंवा तशाच मऊ तारा असतात आणि त्यांचा ताण कमी. त्यामुळे चांगले रेझोनेटर युकुलेले साध्यापेक्षा मोठे वाजते हे खरे, पण फरक गिटारीइतका नसतो. स्वस्तातले रेझोनेटर तर चांगल्या लाकडी युकुलेलेपेक्षा मोठे वाजेलच असे नाही. जो फरक हमखास जाणवतो तो असा : स्वर पटकन उठतो, धारदार असतो आणि समोरच्या दिशेने जास्त जातो. गर्दीत असा आवाज वेगळा उठून ऐकू येतो. बालवर्गासाठी हा गुण कामाचा आहे.

तरी आधी स्वस्तातले उपाय करून पाहा. पहिला उपाय नव्या तारांचा. दोन-तीन वर्षे न बदललेल्या तारा मेलेल्या असतात. फ्लोरोकार्बनच्या तारांचा संच काही शेकड्यांत येतो आणि आवाज उजळतो. दुसरा उपाय मोठ्या मापाचा. सोप्रानो हे सगळ्यात लहान माप. त्याऐवजी टेनर मापाचे साधे लाकडी युकुलेले घेतले तरी आवाज भरदार होतो. तिसरा उपाय घोडीखाली बसणारा पिकअप आणि बॅटरीवर चालणारा छोटा अ‍ॅम्प्लिफायर. वर्ग फार मोठा असेल, मोकळ्या मैदानात प्रार्थना किंवा स्नेहसंमेलन असेल, तर हाच उपाय खरा. मैदानात कोणतेही रेझोनेटर विजेच्या आवाजाची बरोबरी करू शकत नाही. चौथा पर्याय बँजो-युकुलेलेचा. त्याला डफासारखे ताणलेले पान असते, आवाज मोठा पण तुटक असतो. कातडी पानाचे घेऊ नका, कोकणच्या पावसाळ्यात ते सैल पडते. प्लास्टिकच्या पानाचे चालते.

एका खोलीत, रोज, वायर आणि चार्जिंगच्या भानगडीशिवाय वाजवायचे असेल आणि तो धातूचा नाद कानाला आवडला असेल, तर रेझोनेटर घेण्यात अर्थ आहे. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी मात्र शेजाऱ्यांचाही विचार करावा. हे वाद्य रात्री हळू वाजवणे अवघड जाते.

निवड करताना : अंग, शंकू, माप

*अंग.* रेझोनेटरचे अंग धातूचे किंवा लाकडाचे असते. धातूत पितळ, पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम असे प्रकार येतात. पितळेवर बहुधा निकेलचा चकचकीत मुलामा असतो. पितळी अंगाचा स्वर थोडा गोल आणि लांब, पोलादी अंगाचा जास्त कोरडा आणि टोकदार असे वादक सांगतात. लाकडी अंगाचा आवाज ऊबदार असतो, त्यात साध्या युकुलेलेची थोडी गोडी राहते. विक्रेता पितळ म्हणत असेल तर फ्रिजवरचे चुंबक लावून पाहा. पोलादाला ते घट्ट चिकटते, पितळेला किंवा अ‍ॅल्युमिनियमला तसे चिकटत नाही. एवढ्याशा चुंबकाने मोठी फसवणूक टळते.

वजन हा मुद्दा बहुतेक जण विसरतात. साधे छोटे युकुलेले अर्ध्या किलोच्या आसपास असते. धातूचे टेनर दीड किलोच्या पुढे जाऊ शकते. दिवसभर उभे राहून वर्ग घेणाऱ्या मुलीच्या डाव्या मनगटावर आणि खांद्यावर हा भार येणार. म्हणून पट्टा अडकवायची बटणे आहेत का ते विचारा. नसतील तर ती धातूच्या अंगात घरी भोक पाडून बसवायची नाहीत. रोज बसने प्रवास असेल तर लाकडी अंग बरे.

*शंकू.* सगळ्या वस्तूचा जीव इथे आहे. पातळ अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा लेथवर फिरवून घडवलेला शंकू चांगला समजतात. साच्यात दाबून काढलेला जाड शंकू स्वस्त पडतो, पण जड असल्याने नीट हलत नाही. बाजारात अशीही खेळणी आहेत ज्यांवर जाळीदार झाकणी फक्त शोभेला ठोकलेली असते, आत शंकूच नसतो. मोबाइलचा टॉर्च झाकणीच्या भोकांतून आत मारा. चकाकणारा अ‍ॅल्युमिनियमचा शंकू आणि मधोमध घोडी धरणारी लाकडी चकती दिसली पाहिजे. लाकडी फळी दिसली तर वस्तू परत ठेवा.

शंकूचे प्रकार तीन. नॅशनल पद्धतीचा एक शंकू आणि बिस्किट, डोब्रो पद्धतीचा उलटा ठेवलेला वाडग्यासारखा शंकू ज्यावर कोळ्याच्या पायांसारखी धातूची चौकट बसते, आणि तीन छोट्या शंकूंचा प्रकार. गिटारीत तिन्ही मिळतात. युकुलेलेत जागा कमी असल्याने बहुतेक ठिकाणी बिस्किटचाच प्रकार दिसेल. पहिल्या खरेदीला तोच योग्य. त्यात सुटे भाग कमी, म्हणून खडखडण्याच्या जागाही कमी.

*माप.* सोप्रानोत तारेची बोलती लांबी सुमारे ३३ ते ३५ सेंटिमीटर, कॉन्सर्टमध्ये ३८ च्या आसपास, टेनरमध्ये ४३ च्या आसपास. तिन्हींत तारा सहसा जी-सी-ई-ए अशा लावतात, त्यामुळे बोटांच्या जागा बदलत नाहीत. रेझोनेटरमध्ये शंकूला जागा लागतेच, म्हणून सोप्रानोतही अंग फार लहान नसते. सध्या ज्या मापावर हात बसला आहे त्याच मापाचे किंवा एक पायरी मोठे घ्या. बालवर्गाच्या गाण्यांना कॉन्सर्ट पुरते.

*तारा.* हे ठळक लक्षात ठेवा : युकुलेलेवर पोलादी तारा चढवू नका. ‘धातूच्या वाद्याला धातूची तार’ असा सल्ला कुणी देईल. पोलादी तारांचा ताण या शंकूला आणि दांडीला झेपत नाही. शंकू दबून बसतो, दांडी वाकते आणि वाद्य कायमचे बिघडते. नायलॉन किंवा फ्लोरोकार्बनच्या, युकुलेलेच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या ताराच हव्यात.

दुकानात दहा मिनिटे

वाद्य हातात घेता येत असेल तर ही तपासणी क्रमाने करा. वाजवता येत नसले तरी यातले बरेच जमते.

१. वाद्य कानाजवळ धरून हलकेच हलवा. आत काही खुळखुळता कामा नये.

२. झाकणीवर बोटाने टिचकी मारा. स्वच्छ ‘टक्’ यावे, ‘झर्र’ नको.

३. चारही तारा एकेक करून आधी हळू, मग जोरात छेडा. स्वर शेवटपर्यंत स्वच्छ विरला पाहिजे. कुठेतरी माशी गुणगुणल्यासारखे वाटले तर झाकणीचा स्क्रू सैल आहे, शंकू नीट बसलेला नाही किंवा बिस्किट ढिले आहे. दुकानदाराला समोर दुरुस्त करायला सांगा. ‘वाजवून वाजवून जाईल’ हे उत्तर स्वीकारू नका.

४. प्रत्येक तारेवर पहिल्यापासून बाराव्या पडद्यापर्यंत एकेक स्वर वाजवा. एखाद्याच पडद्यावर स्वर खरखरत असेल तर बहुधा त्याच्या पुढचा पडदा उंच बसला आहे.

५. मोबाइलवर ट्यूनर लावा. मोकळी तार बरोबर लावून मग तीच तार बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच स्वर एक सप्तक वर यायला हवा. काटा बराच पुढे-मागे दिसला तर घोडीची जागा चुकली आहे. बिस्किट किंचित फिरवून हे सुधारता येते, पण ते काम विकणाऱ्याचे.

६. बाराव्या पडद्यावर तार किती उंच आहे पाहा. अडीच ते तीन मिलिमीटर ठीक. त्याहून बरेच जास्त असेल तर बोटे दुखतील आणि दाबताना स्वर चढेल.

७. बाजूने पाहा. घोडीवरून जाताना तारा खाली वाकायला हव्यात. त्या जवळजवळ सपाट जात असतील तर शंकूवर पुरेसा दाब पडत नाही आणि वाद्य खडखडते.

८. दांडीच्या दोन्ही कडांवरून तळहात फिरवा. पडद्यांची टोके बोचता कामा नयेत.

९. शेवटी आपले जुने युकुलेले सोबत नेले असेल तर दोन्ही आळीपाळीने वाजवायला सांगा आणि आपण पंधरा पावले दूर उभे राहा. रेझोनेटरचा आवाज समोर जातो. वाजवणाऱ्यापेक्षा समोरच्याला तो नीट समजतो. दूर उभे राहून फरक जाणवला नाही, तर पैसे का द्यायचे?

झाकणीवर घोडीच्या वर एक धातूची पट्टी असते. तळहात टेकून तारा दाबून वाजवायची ज्यांना सवय आहे त्यांना ती आड येते. तेवढेही वाजवून पाहावे.

कुठून घ्यावे, किती खर्चावे?

मुंबई-पुण्याच्या मोठ्या वाद्यदुकानांतही रेझोनेटर युकुलेले नेहमी ठेवलेले नसते, मागवावे लागते. कला, ग्रेच, गोल्ड टोन, रेकॉर्डिंग किंग, रिपब्लिक या नावांनी कारखान्यात बनलेली रेझोनेटर युकुलेले येत आली आहेत. ग्रेचचे लाकडी अंगाचे, रेकॉर्डिंग किंगचे धातूचे. यांच्या किमती परदेशात काही शेकडा डॉलरच्या घरात असतात. कॅलिफोर्नियातली नॅशनल रेझो-फोनिक १९८९ पासून जुन्या नॅशनलच्या पद्धतीने वाद्ये बनवते. बेल्टोनासारखे छोटे कारागीरही आहेत. त्यांची किंमत हजार डॉलर ओलांडते. ती व्यावसायिक वादकाची खरेदी आहे. बालवर्गासाठी तिथे जायची गरज नाही. मॉडेल बंद होतात, नवी येतात. म्हणून नाव पक्के करण्याआधी त्याच मॉडेलचे वादन चांगल्या हेडफोनवर ऐका.

परदेशातून थेट मागवताना वस्तूची किंमत हा अर्धाच आकडा. कुरिअर, विमा, सीमाशुल्क, कर आणि बँकेचा चलनबदलाचा खर्च धरून घरपोच आकडा लेखी मागा. परत पाठवायची वेळ आली तर खर्च कोणाचा तेही विचारा. बिघडलेले वाद्य परत पाठवायचा खर्च वाद्याच्या किमतीच्या जवळ जाऊ शकतो.

आखातातून किंवा लंडनहून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवणे आपल्या कोकणी घरांत नेहमीचे. त्यात पैसा वाचतो, पण दोन गोष्टी सांभाळा. एक, मामू वाद्य वाजवणारे नसतील तर त्यांना वरची यादी पाठवा आणि दुकानातून व्हिडिओ कॉल करायला सांगा. चारही तारा आणि बारा पडदे समोर वाजवून दाखवले की मगच पैसे. दोन, बिल मूळ आणि वॉरंटीचे कार्ड सोबत आणा, सामानाचे नियम आधी पाहा आणि विमानतळावर लागत असेल ते शुल्क भरा. सामानात टाकताना कडक पेटीच हवी. तारा थोड्या सैल कराव्यात, पण सगळ्या काढून टाकू नयेत. शंकूला जागेवर धरून ठेवणारा दाब तारांचाच असतो. तो गेला की शंकू आतल्या आत सरकतो.

जुने वाद्य मिळत असेल तर दचकू नका. धातूच्या अंगावर ओरखडे किंवा उडालेला मुलामा आवाज बिघडवत नाही, उलट भाव पाडून मागता येतो. मात्र शंकू चेपलेला, दांडी वाकलेली किंवा घोडी खचलेली असेल तर सोडून द्या. नवा शंकू मिळतो, पण तो मागवून बसवणारा हात जवळ हवा.

भारतातल्या दुकानातून किंवा ऑनलाइन घेतल्यास पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा आणि परतीची मुदत संपायच्या आत वरची नऊ कलमी तपासणी पुरी करा. बिल घ्याच. विक्रेता ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. बिलाशिवाय तिथे काही सांगणे अवघड जाते.

आणल्यावर

वाजवून झाले की कोरड्या सुती फडक्याने घाम पुसा. निकेलचा मुलामा घामाने आणि खाऱ्या हवेने काळवंडतो. भांडी घासायची पावडर, चिंच, लिंबू काहीही लावू नका. घरचे तांब्या-पितळेचे भांडे आणि मुलामा दिलेले वाद्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी किंवा पॉलिश झाकणीच्या भोकांतून आत जाऊ देऊ नका. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या ठेवा आणि त्या अधूनमधून बदला. अंग धातूचे असले तरी दांडी लाकडीच असते, तिला दमटपणा सोसत नाही. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वाद्य ठेवू नका.

तारा बदलताना एकेक करून बदला. एक काढायची, नवी लावायची, मग दुसरी. कारण तेच, शंकूवरचा दाब टिकला पाहिजे. झाकणी उघडून आत पाहण्याचा मोह टाळा. पातळ शंकूवर अंगठा पडला तरी खड्डा पडतो. घरात लहान मुले असतील तर वाद्य पेटीतच बंद असू द्या. झाकणीची भोके पाहिली की मुलांना त्यात पेन्सिल घालायची असते.

आता पत्राचे उत्तर

भगिनी, ही वस्तू नुसती चमक नाही, पण तिच्यातली चमक वेगळी काढून पाहिली पाहिजे. लेकीला सांगा, आधी नव्या तारा चढवून एक महिना वर्ग घे. तरी आवाज मागच्या बाकापर्यंत गेला नाही आणि तो धातूचा नाद तिला हवाच असेल, तर लाकडी अंगाचे, कॉन्सर्ट मापाचे, बिस्किटच्या शंकूचे रेझोनेटर बघा. चकचकीत पितळी अंगापेक्षा ते हलके असते आणि वर्गाला पुरते. जुने युकुलेले विकू नका. ते घरी सरावाला राहील आणि रात्री शेजाऱ्यांची झोपही मोडणार नाही.

अब्बांना एवढेच सांगावे : इसराफ किमतीवरून ठरत नाही, वापरावरून ठरतो. रोज चाळीस मुलांसमोर वाजणारी वस्तू कपाटात पडून राहणाऱ्या वस्तूपेक्षा स्वस्तच. पण घाई नको. पगारातून दरमहा ठरावीक रक्कम बाजूला काढा, हप्त्यावर घेऊ नका. मामूंच्या पुढच्या फेरीला वेळ आहे. तोवर पैसाही जमेल आणि दोन-चार वाद्ये ऐकून कानही तयार होईल. आणि एक विनंती. दुकानात किंवा व्हिडिओ कॉलवर शेवटचा शब्द मुलीचा असू द्या. पैसे तिचे आहेत आणि वाजवणारही तीच आहे.

पुढच्या अंकात : शिलाई यंत्र घेताना मोटरचे की पायाचे? आपले प्रश्न नेहमीच्या पत्त्यावर पाठवा.